‘कसेल त्याची जमीन’ – आणि कसेल तिची?

दसरा जवळ आला, सोयाबीन सोंगणीला आलं, की आमच्या वलगावच्या शिवारात मेळघाटची माणसं दिसू लागतात. परतवाड्याकडून येणाऱ्या पिकअपमधून उतरतात. डोक्यावर गाठोडं, कडेवर लेकरू, हातात विळा. महिनाभर कुणाच्या तरी शेतातल्या कोठ्यात नाहीतर पत्र्याच्या शेडमध्ये राहायचं, एकराच्या गुत्त्यानं सोयाबीन सोंगायचं आणि दिवाळीच्या सुमाराला परत फिरायचं. यात बायका जास्त असतात. मुकादम पुरुष असतो.

गेल्या हंगामात पेढी नदीच्या पुलाजवळ अशाच काही जणी गाडीची वाट पाहत बसल्या होत्या. गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ ला जिथे देह ठेवला ती ही जागा. त्यांच्यात एक कोरकू बाई होती, चाळिशीच्या आतबाहेरची. तिचं नाव आणि गाव मी इथे देत नाही. तिला अजून त्याच कचेरीत जायचं आहे आणि त्याच भावांच्या शेजारी राहायचं आहे. कोरकू, हिंदी आणि वऱ्हाडी अशा मिसळ बोलीत तिनं जे सांगितलं ते थोडक्यात असं.

लग्नानंतर काही वर्षांनी नवऱ्यानं दुसरी केली. ही मुलीला घेऊन माहेरी आली. माहेर जंगलातलं. बापानं साफ केलेल्या जमिनीचा एक तुकडा तिनं कसायला घेतला. खुंट उपटले, दगड वेचून बांध घातला, कुटकी पेरली, मका पेरला. पंधरा वर्षं ते शेत तिनं एकटीनं राखलं. मग गाव व्याघ्रप्रकल्पातून उठलं. तेव्हा कुटुंबामागे दहा लाखांचं पॅकेज होतं. यादी झाली. मोठ्या भावाचं नाव आलं. धाकटा नुकताच अठराचा झाला होता, लग्न व्हायचं होतं, त्याचंही नाव स्वतंत्र कुटुंब म्हणून आलं. बिनलग्नाच्या बहिणीचं आलं. हिचं आलं नाही.

“मी इधवा नाही, मले सोडचिठ्ठी नाही, मी कुवारीबी नाही,” ती म्हणाली. “मंग मी कोनात मोडतो, ताई?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात ‘कुटुंब’ या संस्थेच्या चार व्याख्या मी पाठ केल्या होत्या, परीक्षेत लिहिल्या होत्या, मार्कही मिळवले होते. त्यातली एकही त्या पुलावर उपयोगाला आली नाही. घरी येऊन कागद काढले. तिला सरकारनं चुकून वगळलं असेल अशी माझी समजूत होती. कागद वाचल्यावर कळलं की चूक झालेलीच नव्हती. तिला वगळण्याची सोय कागदातच केलेली होती. हा लेख त्या सोयीविरुद्ध आहे. आणि ती सोय इतकी वर्षं आपल्या डोळ्यांसमोर असताना आपण गप्प राहिलो, म्हणून आपल्याविरुद्धही आहे.

अतिक्रमण कुणाचं?

मेळघाटातल्या आदिवासींना आजही सहज ‘अतिक्रमणधारक’ म्हटलं जातं. जणू जंगल आधी वनखात्याचं होतं आणि ही माणसं मागून घुसली. इतिहास उलटा आहे. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. पुढच्या दशकात मेळघाटचं जंगल राखीव होऊ लागलं. १८६५, १८७८ आणि १९२७ च्या वनकायद्यांनी कोरकूंची वहिवाट ‘सवलत’ झाली आणि सवलत पुढे ‘गुन्हा’ झाली. सागवान तोडायला, रस्ते करायला, आग विझवायला मजूर लागत, म्हणून वनखात्यानंच जंगलात वनग्रामं वसवली. हात हवे होते तोवर माणूस चालत होता. त्याच माणसानं जमिनीवर हक्क सांगितला की तो अतिक्रमक.

स्वातंत्र्यानंतरही हेच चाललं. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. महाराष्ट्र सरकारनं १९७८ च्या अखेरीस ठरवलं की ३१ मार्च १९७८ पर्यंतची वनजमिनीवरची शेती नियमित करायची. पाठोपाठ १९८० चा वनसंवर्धन कायदा आला आणि ते काम रखडलं ते रखडलंच. ३ मे २००२ ला केंद्रानं सगळी अतिक्रमणं हटवण्याचे आदेश राज्यांना दिले. देशभर आदिवासी रस्त्यावर आले. त्या लढ्यातून वनहक्क कायदा झाला, २००६ साली. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली, चार हेक्टरपर्यंतची जमीन आता हक्कानं मिळणार होती. कायद्याच्या प्रस्तावनेतच आदिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याची कबुली आहे.

ही कहाणी आपण शिबिरांतून सांगतो आणि ती खरी आहे. पण सांगताना ‘आदिवासी’ हा शब्द आपण पुल्लिंगीच वापरतो. झुडपं कुणी तोडली? खुंट कुणी जाळले? रानडुकरं हाकायला रात्री माळ्यावर कोण बसलं? नाकेदार कुऱ्हाड जप्त करायला आला तेव्हा पुढे कोण उभं राहिलं? पुरुषांना धरून नेतात म्हणून बायकांना पुढे करायचं, हा जंगलपट्ट्यातल्या प्रत्येक लढ्याचा डाव राहिला आहे. मार खायला बाई पुढे असते. पावती फाडायची वेळ आली की नाकेदार विचारतो, “घरधनी कोण?”

आणि इथेच गोम आहे. पुढे वनहक्काचे दावे भरायची वेळ आली तेव्हा पुरावा म्हणून काय शोधलं गेलं? दंडाच्या जुन्या पावत्या, गुन्ह्याचे अहवाल, जुन्या याद्या. त्या बहुतेक पुरुषांच्या नावच्या. जिनं पंधरा वर्षं शेत राखलं तिच्या नावावर साधा दंडसुद्धा नाही! सरकारनं तिला गुन्हेगार म्हणूनही मोजलं नाही, मग मालकीण म्हणून कशी मोजणार?

कायदा म्हणतो दोघांचं नाव

वनहक्क कायद्याच्या कलम ४(४) मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की हक्क विवाहितांच्या बाबतीत पती-पत्नी दोघांच्या नावे संयुक्तपणे नोंदवायचा आणि घर एकट्या व्यक्तीच्या जिवावर चालत असेल तर त्या व्यक्तीच्या नावे. तो वारसानं पुढे जाईल, पण विकता येणार नाही, कुणाला देता येणार नाही. जमिनीचा हक्क देतानाच बायकोचं नाव लावणं बंधनकारक करणारे कायदे आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजावे इतके. हे आपोआप झालेलं नाही.

मागे वळून पाहा. ‘कसेल त्याची जमीन’ या घोषणेनं कूळकायदा आला. आमच्या विदर्भासाठी तो १९५८ साली वेगळा झाला. कूळ म्हणून नाव लागलं ते पुरुषाचं. घोषणेतला ‘त्याची’ हा शब्द कुणाला खटकला नाही, कारण तो व्याकरणाचा भाग वाटला. तो व्याकरणाचा भाग नव्हता, तो सातबाऱ्याचा भाग होता. १९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, त्यात बायका लेकरांसह तुरुंगात गेल्या. बिहारमध्ये बोधगयेच्या मठाच्या हजारो एकर जमिनीसाठी १९७८ पासून लढा झाला, तेव्हा मुसहर मजुरणींनी पहिल्यांदा ठणकावून विचारलं की लाठ्या आम्हीही खाल्ल्या, मग जमीन फक्त त्यांच्या नावावर का? अधिकारी म्हणाले, जमीन कुटुंबप्रमुखाला मिळते. घरातले पुरुषही कुरकुरले. बायका हटल्या नाहीत आणि काही गावांत पट्टे त्यांच्या नावे झाले. वऱ्हाडात शेतकरी संघटनेनं १९९० च्या आसपास ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली. नवऱ्यांनी आपणहोऊन बायकोच्या नावे जमीन करून द्यायची. चांगली गोष्ट होती, काही बायकांना खरंच जमीन मिळाली. पण मोहिमेचं नाव काहीही असो, ती नवऱ्याच्या चांगुलपणावर उभी होती. ज्याचा चांगुलपणा आटला त्याच्या बायकोचं काय, याला त्यात उत्तर नव्हतं.

म्हणून कलम ४(४) मोलाचं आहे. ते चांगुलपणावर सोडत नाही. मग प्रत्यक्षात काय होतं? दाव्याच्या अर्जात पहिली ओळ दावेदाराच्या नावाची असते, दुसरी पतीच्या किंवा पत्नीच्या नावाची. पहिल्या ओळीवर पुरुष बसतो. बाई दुसऱ्या ओळीत, पुष्कळदा तिला न विचारता. मी पाहिलेल्या कित्येक घरांत पट्टा प्लास्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला अडकवलेला आहे. बाईला विचारलं, “यावर तुमचंही नाव आहे, माहीत आहे का?” तर ती नवऱ्याकडे बघते. नाव आहे आणि माहिती नाही, हा हक्क कसला?

ही झाली नांदत्या बाईची गोष्ट. एकटीची त्याहून वाईट. कायद्यात ‘एकट्या व्यक्तीचं घर’ आहे, पण गावच्या यादीत ते घर दिसत नाही. टाकलेली बाई बापाच्या नाहीतर भावाच्या रेशनकार्डावर. तिचा तुकडा भावाच्या दाव्यात मोजला जातो. भाऊ वाईट असतो असं नाही. तोही गरीब आहे, त्यालाही चार हेक्टरच्या आतच बसायचं आहे. पण उद्या भावजयीशी वाजलं की ही पुन्हा गाठोडं उचलून पुलावर. आणि जी गैरआदिवासी आहे, गवळी, बलई किंवा आणखी कुणी, तिच्यापुढे आणखी भिंत आहे. ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास सिद्ध करायचा. बाईच्या तीन पिढ्या एका गावात राहतात का कधी? आई एका गावची, आजी दुसऱ्या, ती स्वतः तिसऱ्या गावात दिलेली. पिढ्या मोजायच्या त्या बापाकडून किंवा नवऱ्याकडून. तेच दोन दरवाजे तिला बंद झाले असतील तर तिनं कुठून मोजायचं?

पॅकेजमधली बाई

आता त्या पुलावरच्या प्रश्नाकडे येऊ. व्याघ्रप्रकल्पातल्या गावांच्या पुनर्वसनासाठी केंद्रानं २००८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. कुटुंबामागे दहा लाख. एक पर्याय असा की सगळे पैसे रोख, दुसरा असा की त्याच रकमेतून जमीन, घर आणि सोयी. २०२१ मध्ये ही रक्कम पंधरा लाख झाली. रकमेवर पुष्कळ चर्चा होते. ‘कुटुंब’ या शब्दावर होत नाही. २००८ च्या सूचनांप्रमाणे एका घरात स्वतंत्र कुटुंब म्हणून कोण धरायचं? अठरा वर्षांवरचा मुलगा, मग त्याचं लग्न झालेलं असो वा नसो. अठरा वर्षांवरची मुलगी किंवा बहीण, पण लग्न न झालेली. अपंग व्यक्ती. आईबाप गमावलेलं अज्ञान मूल. विधवा. घटस्फोटित बाई.

पुन्हा एकदा वाचा. मुलाला लग्नाची अट नाही, मुलीला आहे. आणि टाकलेली बाई यात कुठेच नाही. मेळघाटात काय किंवा आमच्या वलगावात काय, किती टाकलेल्या बायका कोर्टात जाऊन घटस्फोटाचा कागद घेतात? नवऱ्याला दुसरी करायला कागद लागत नाही. पहिलीला जगायला मात्र कागद लागतो.

हे सरकारला माहीत नव्हतं असंही नाही. भूसंपादनाचा २०१३ चा कायदा पाहा. त्यात विधवा, घटस्फोटित आणि ‘कुटुंबानं टाकलेल्या स्त्रिया’ ही स्वतंत्र कुटुंबं मानली आहेत. पुढे जाऊन असंही म्हटलं आहे की कुठल्याही लिंगाची सज्ञान व्यक्ती, तिला जोडीदार असो वा नसो, मुलं असोत वा नसोत, स्वतंत्र कुटुंब धरायची. म्हणजे त्याच देशाची त्याच संसद महामार्गासाठी जमीन घेताना टाकलेल्या बाईला कुटुंब म्हणते, आणि वाघासाठी गाव उठवताना त्याच बाईचं नाव यादीत सापडत नाही. परित्यक्तांच्या चळवळीनं दोन-तीन दशकं मोर्चे काढले, परिषदा घेतल्या, तेव्हा कुठे कायद्याच्या पुस्तकात हा शब्द आला. आणि तो सातपुड्याच्या पायथ्याशी येऊन थांबला.

उठवलेल्या गावांचं पुढे काय झालं? २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बोरी, कोहा, कुंड ही गावं उठली. मागून अमोना, नागरतास, धारगड, सोमठाणा, गुल्लरघाट, केलपानी अशी आणखी गावं अकोला जिल्ह्यातल्या अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीवर आली. जमीन नाही, दवाखान्याची सोय नाही, माणसं मरताहेत, अशा तक्रारी घेऊन लोक पुन्हा जंगलाकडे चालत निघाले. जानेवारी २०१९ मध्ये परतलेले आदिवासी आणि वनखातं-पोलीस यांच्यात चकमक झाली, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. वनहक्क कायद्याच्या कलम ४(२) मध्ये लिहिलं आहे की ग्रामसभेची माहितीपूर्ण संमती हवी आणि नव्या जागी कबूल केलेल्या सोयी व जमीन पूर्ण झाल्याशिवाय कुणालाही हलवायचं नाही. मग माणसं परत का चालत आली, याचं उत्तर ज्यांनी हलवलं त्यांनी द्यायचं आहे.

या सगळ्यात बाईचं काय गेलं ते पैशात मोजता येत नाही. जंगलात तिचा स्वतःचा पैसा होता: मोहा, चारोळी, तेंदूपत्ता. सरपण होतं, भाजी होती, अर्धं वर्ष हाताला काम होतं. सपाटीवर आल्यावर हे सगळं एका दिवसात संपलं आणि त्या बदल्यात आलेला पैसा बँकेत गेला. पासबुक कुणाच्या नावाचं? मोटरसायकल कुणी घेतली? दारूच्या दुकानाची वाट कुणाला सापडली? आणि पैसा संपल्यावर विळा घेऊन वलगावच्या पुलावर कोण उतरलं?

आपल्यातले आक्षेप

हा विषय काढला की तीन-चार उत्तरं हमखास मिळतात. ती बाहेरच्यांकडून कमी, आपल्या लोकांकडून जास्त.

पहिलं उत्तर जमिनीच्या लढ्यातल्या साथींचं. “आधी जमीन तर मिळू दे, मग नावाचं बघू.” या ‘मग’ची वाट कूळकायद्यापासून पाहतोय. जमीन मिळण्याच्या क्षणीच नाव लागतं. एकदा लागलेलं नाव बदलायला तलाठ्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, हे साथींना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मार्च २०१८ चा नाशिक-मुंबई लाँग मार्च आठवा. ६ तारखेला निघाला, १२ ला मुंबईत. वनजमिनीचे पट्टे ही मुख्य मागणी. मोर्चात आदिवासी बायका हजारोंनी होत्या. त्यांच्या सोललेल्या, रक्ताळलेल्या तळपायांचे फोटो पहिल्या पानांवर छापून आले. त्या चालत असतानाच मध्ये ८ मार्च येऊन गेला. आपण शहरात महिला दिनाचे कार्यक्रम करत होतो. फोटोला पाय बाईचे चालतात, मग पट्ट्यावर पहिलं नाव बाईचं का चालत नाही?

दुसरं उत्तर, “तुम्ही घरात भांडणं लावता.” भांडण आम्ही लावत नाही. ते रोज रात्री दारूच्या वासासकट घरात येतं. जिच्या नावावर जमीन आहे तिला घराबाहेर काढताना हात जरा थांबतो, एवढाच आमचा अनुभव आहे. शहाद्याच्या आदिवासी बायकांनी १९७२ च्या सुमारास जमिनीच्या लढ्यातच दारूची मडकी फोडली, मारकुट्या नवऱ्यांना जाब विचारला. त्यांनी लढा फोडला असं कुणी म्हणत नाही. लढा त्यांनीच उभा ठेवला.

तिसरं उत्तर अभ्यासकांचं. “आदिवासी समाजात बाई मोकळी असते. तिला नवरा सोडता येतो, दुसरं घर करता येतं. तुमचे सपाटीवरचे प्रश्न तिथे नेऊ नका.” यात तथ्य आहे. कोरकू बाईच्या कपाळी ‘टाकलेली’ हा शब्द आमच्याइतका खोल कोरला जात नाही. पण ती मोकळी म्हणजे काय? घर सोडायला मोकळी, रिकाम्या हातांनी. सपाटीवरच्या हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा महाराष्ट्रात १९९४ ला आणि देशभर २००५ ला मिळाला. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागूच नाही, म्हणून कोरकू मुलीला तो आजही मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राला याचा विचार करायला सांगितलं. जुलै २०२५ मध्ये एका गोंड बाईच्या वारसांना आजोबांच्या मालमत्तेत समान वाटा देताना, बाईला वाटा नाकारणं समतेच्या विरुद्ध आहे असं म्हटलं. कायदा मात्र बदललेला नाही. आदिवासी बाईच्या मोकळेपणाचं कौतुक करणाऱ्यांनी हा कायदा बदलायची मागणी आपल्या तोंडानं करावी, मग आम्ही ते कौतुक ऐकू.

चौथं उत्तर, “वाघाचं काय?” वाघ हवा. जंगलही हवं. मेळघाटातून उतरणाऱ्या नद्यांवर आमच्या सपाटीच्या विहिरी जगतात, हे वऱ्हाडातल्या बाईला सांगावं लागत नाही, पाणी तीच भरते. पण जंगल वाचवायला माणूस उठवावाच लागतो, हे गृहीत धरू नका. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीर गावाला २०१२ मध्ये १९२ हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड झालेलं ते जंगल गावानं राखलं, वाढवलं, त्यातल्या सीताफळावर कमाई केली. आणि जिथे गाव खरोखरच स्वखुशीनं उठायला तयार आहे, तिथे टाकलेल्या बाईचं नाव यादीत घातल्यानं कुठल्या वाघाचं नुकसान होणार आहे?

शेवटचा आक्षेप माझा, आपल्यावरच. आपण परित्यक्तांची शिबिरं घेतली ती तालुक्याच्या गावी, सपाटीवर. जंगलाचा प्रश्न ‘आदिवासी संघटनांचा’ म्हणून त्यांच्याकडे सोडला. त्यांनी बाईचा प्रश्न ‘महिला संघटनांचा’ म्हणून आपल्याकडे सोडला. ती बाई या दोन सोडण्यांच्या मध्ये पडली. नवऱ्यानं एकदा टाकलं, आपण दुसऱ्यांदा.

आता काय करायचं

निवेदनं पुष्कळ देऊन झाली. ही कामं मात्र आपल्या हातातली आहेत.

एक. जंगलपट्ट्यातल्या प्रत्येक गावात एकट्या बायकांची यादी करू: विधवा, टाकलेल्या, स्वतः सोडून आलेल्या, दुसरी आणल्यामुळे वेगळ्या राहणाऱ्या, लग्न न केलेल्या. ही यादी ग्रामसभेत वाचून ठरावात घालायची.

दोन. वनहक्क समितीत किमान एक-तृतीयांश बायका लागतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ग्रामसभेत हजर असलेल्यांतही किमान एक-तृतीयांश बायका लागतात. नसतील तर ती सभा कोरमाची नाही. फक्त सह्यांपुरत्या बायका दाखवल्या असतील तर तिथल्या तिथे हरकत घ्यायची.

तीन. एकटीचा दावा एकटीच्या नावानं, भावाच्या दाव्यात मिसळायचा नाही. दंडाची पावती नाही म्हणून अडू नका. वनहक्क नियम १३ मध्ये गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी म्हणणं, जमिनीवरचे बांध, विहीर, झोपडी हाही पुरावा धरला आहे. बांध तिनं घातला हे सांगणाऱ्या म्हाताऱ्या गावात असतात. त्यांचा जबाब लिहून घ्यायचा.

चार. ग्रामसभेचा निर्णय विरुद्ध गेला तर साठ दिवसांत उपविभागीय समितीकडे, तिथून पुन्हा साठ दिवसांत जिल्हा समितीकडे जाता येतं. लेखी कारण मागायचं. तोंडी “नामंजूर” ऐकून परत यायचं नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला होता. पंधरा दिवसांत तो स्थगित झाला. पण फेटाळलेला दावा तसाच पडू दिला तर पुढे काय होऊ शकतं, हे त्यातून दिसलं.

पाच. पुनर्वसनात ‘कुटुंबा’ची व्याख्या २०१३ च्या कायद्याप्रमाणेच हवी, आणि दहा लाखांच्या काळात उठलेल्या गावांतल्या वगळलेल्या बायकांची फेरतपासणी हवी. ही एक मागणी घेऊन आदिवासी, शेतमजूर आणि महिला संघटनांनी एकत्र बसायचं.

माझ्या कामाच्या दहा वर्षांत मी बचत गट काढले, शिवणाच्या मशीन वाटल्या, समुपदेशन केलं. ते वाया गेलं असं मी म्हणत नाही. पण जिच्या पायाखाली जमीनच नाही तिला मी मन खंबीर करायला सांगत होते, याची आज मला लाज वाटते.

त्या दिवशी पिकअप आली तेव्हा तिची मजुरी अजून मुकादमाकडेच होती. गाडीत चढताना ती म्हणाली, “कागद वाचला का सांग मले, ताई. माहं नाव कोनत्या खान्यात बसते तं.” कागद मी वाचला आहे. तिचं नाव कुठल्याच खान्यात बसत नाही. सोंगणीला ती पुन्हा येईल तेव्हा मला तिला एवढंच सांगून चालणार नाही. म्हणून पुढच्या तिमाहीच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपापल्या भागातल्या निदान एका गावाची यादी आणावी. मी दोन गावांची आणते.